लाल शाईखाली

गोळीबार चौकातून चालत आल्या यमुनाबाई हेडाऊ,
मे महिना, दुपारचे साडेतीन,
डोक्याला पांढरा दुपट्टा, पदराच्या गाठीत उन्हासाठी कांदा
आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत
एकोणीस वर्षांपूर्वीचा केसपेपर.

त्यावर कोणी तरी लाल शाईनं लिहिलेलं:
इंजेक्शनची ॲलर्जी.
खाली दोन रेघा.
कुठल्या इंजेक्शनची, काय झालं,
एक अक्षर नाही.

"मले सुई नोको, बाई. तशीच उपटा."

पुढच्या दातांत बारीक खाच,
चाळीस वर्षं मागावर बसून धागा तोडल्याची.
मागं, खालच्या जबड्यात, मुळापर्यंत गेलेली दाढ.
तशीच उपटायला मी काय लोहार आहे?

मग विचारत गेले.
अंगावर गांधी उठल्या? नाही.
ओठ सुजले? श्वास अडकला? नाही जी.
"काळीज असं पळालं, हातचा धोटा सुटावा तसं.
मंग अंधारी."
सकाळपासून काही खाल्लं होतं?
"एकादस होती ना."

इथं मी हसणार होते.
पण त्या म्हणाल्या,
"माह्या लहान बहिणीले तापाची सुई देल्ली होती.
चालत गेली. आणली ते चादरीत."
कुठली सुई, कोणी सांगितलं नाही.
विचारायला पुरुष माणूस घरी नव्हता.

मी समजावलं: भूल जास्त वेळ टिकावी
म्हणून त्यात ॲड्रेनलीन घालतात,
धडधड त्याची, रिकाम्या पोटाची, भीतीची.
बँकेतल्या साहेबाचं ऐकावं
तसं ऐकून घेतलं त्यांनी.

मेडिकलला पाठवलं, चामडीवरच्या तपासणीला.
आठ दिवसांनी आल्या,
हातावर पेनानं काढलेली तीन वर्तुळं
तशीच, पुसट,
त्यांच्यावरून पाणी जाऊ दिलं नव्हतं.
आत काहीच उठलं नव्हतं. कागदावरही तसंच लिहिलेलं.
"तरी बी," त्या म्हणाल्या.

पाच वर्षं शिकले मी,
"तरी बी"वर धडा नव्हता.

मग मीच ट्रे उघडला त्यांच्यासमोर.
ही काचेची कुपी. तुम्हाला जे होईल वाटतं
ते खरंच झालं, तर पहिलं हे द्यायचं.
"नाव काय याचं?"
ॲड्रेनलीन.
"थेच? काळीज पळवते थे?"
तेच.
त्या बराच वेळ कुपीकडे पाहत राहिल्या.
"तारीख पाहा बरं," म्हणाल्या,
आणि मी मुदतीची तारीख मोठ्यानं वाचली,
शाळेत वाचायचे तशी.

पोळी-भाजी खाऊन आला होतात ना? हो.
ॲड्रेनलीन नसलेली भूल घेतली,
थेंबभर दिली, थांबले.
माझं घड्याळ त्यांच्या मुठीत.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास, मागच्या गल्लीत
एकच यंत्रमाग, तोही अडखळत.
"आता?"
अजून थांबू.
"आता?"
माझ्याही तळहाताला घाम होता,
हातमोजा होता म्हणून बरं.

उरलेली भूल दिली, हळू, मधेमधे थांबत.
"बाई, माहा ओठ कुठं गेला?"
आणि अर्ध्याच तोंडानं हसल्या.

दाढ निघायला चार मिनिटं लागली.
त्या घड्याळात पाहत होत्या.

गाल धरून म्हणाल्या, थे लाल खोडा.
दुसऱ्याची शाई मी खोडत नाही.
खाली निळ्यानं लिहिलं: तारीख, औषध, किती दिलं,
काही झालं नाही.
दोनदा वाचून दाखवायला लावलं.
मग, बोबड्या ओठांनी:
"कौसल्येचं बी लिहा."

पेन थांबलं.
तिचा केसपेपर नाही, औषधाचं नाव नाही.
लिहिलं: बहीण, कौसल्या, वय सोळा.
औषध माहीत नाही. विचारायचं राहिलं.

निघताना दुपट्टा बांधून
पदराची गाठ सोडली,
कांदा ठेवला माझ्या टेबलावर.
"तुमी बी तं उनातूनच जाता."